‘मीडिया आपल्या क्लबच्या विरोधात आहे’ असं फुटबॉल चाहत्यांना का वाटतं? मुंबई सिटीच्या निमित्ताने

४ मे २०२४ च्या रात्री मुंबई सिटी एफसीने कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागान सुपर जायंटला ३-१ असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक दुसऱ्यांदा जिंकला. स्टेडियममध्ये साठ हजारांहून जास्त प्रेक्षक होते आणि त्यातले जवळपास सगळे यजमान संघाचे. पहिला गोलही मोहन बागानचाच. मध्यंतरानंतर मुंबईने एकामागोमाग एक तीन गोल केले आणि गॅलरी शांत झाली. चषक उचलणारा कर्णधार होता मुंबईकर राहुल भेके.

मुंबई सिटीच्या चाहत्यांना विचारलं तर या रात्रीची आठवण आनंदाने सुरू होते आणि कुरकुरीवर संपते. कुरकुर अशी, की एवढं होऊनही आपल्या शहरात त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, आणि देशभरात जी घेतली गेली तिचा सूर ‘मुंबई जिंकली’ यापेक्षा ‘मोहन बागान हरलं’ असा जास्त होता. वडाळ्याहून हार्बरची गाडी पकडून अंधेरीला सामने बघायला जाणारा चाहता असो की घरी मोबाईलवर बघणारा, ‘मीडियाला आपलं वावडं आहे’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी असतं.

हे खरं आहे का? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत. एक तक्रार दुर्लक्षाची आहे, दुसरी आकसाची. पहिली बरीचशी खरी आहे. दुसरीचं मूळ मात्र बातमीपेक्षा बातमी वाचणाऱ्याच्या मनात जास्त सापडतं.

आधी मुंबईचा फुटबॉल समजून घेऊ

मुंबईत फुटबॉल नवा नाही. इथे रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक, आणि कूपरेज मैदानावर तिचे सामने बघायला गर्दी लोटायची. पण मुंबईच्या फुटबॉलची एक गोम होती. इथले नावाजलेले संघ वस्त्यांचे नव्हते, कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळायची, कंपनीला नाव मिळायचं. पण वडाळ्याच्या किंवा लालबागच्या माणसाने ‘हा माझा संघ’ असं कोणाला म्हणायचं, हा प्रश्न राहायचाच. कामगार आपल्या गिरणीच्या संघासाठी ओरडेल, शेजारच्या गिरणीतला कशाला ओरडेल?

आणि कंपनीने मन बदललं की संघ संपायचा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघ बंद झाला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी शहराच्या नावाने खेळायचा, खालिद जमील यांच्यासारखा प्रशिक्षक त्याने घडवला, कूपरेजवर पिवळे टीशर्ट घालून येणारा छोटा पण कट्टर चाहतावर्गही तयार झाला. २०१७ मध्ये आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरल्यावर तोही गुंडाळला गेला. ज्या शहरात संघ असे येतात आणि जातात, तिथल्या वर्तमानपत्रात फुटबॉलसाठी कायमचा बातमीदार ठेवावा असं संपादकाला का वाटेल?

कोलकात्यात नेमकं उलटं घडलं. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हापासून तिथे फुटबॉल ही खेळाच्या पानापुरती बातमी राहिलीच नाही. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, इथपर्यंत ती स्वयंपाकघरात शिरली. तिथल्या वर्तमानपत्रांना फुटबॉल न छापणं परवडतच नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे सगळे संघ पेठांचे आणि तालमींचे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की शहर दोन रंगांत वाटलं जातं आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक मराठी वर्तमानपत्रांत सामन्याचा वृत्तांत, फोटो, चुकलेल्या पेनल्टीची चर्चा असं सगळं असतं. याच कोल्हापुरातून आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे मराठी वर्तमानपत्राला फुटबॉल छापता येत नाही असं नाही. वाचक पेठेत बसलेला असला की तेच वर्तमानपत्र रकानेच्या रकाने देतं.

मुंबईत मात्र तो वाचक क्रिकेटपाशी बसलेला आहे. वडाळ्याच्या शेजारी माटुंग्याचं दडकर मैदान, जिथे दादर युनियनचे गावसकर आणि वेंगसरकर खेळले. पुढे शिवाजी पार्क. मराठीतल्या गाजलेल्या क्रीडा नियतकालिकाचं नावच ‘एकच षटकार’ होतं आणि संपादक संदीप पाटील. डॉन बॉस्कोसारख्या शाळांच्या मैदानांवर फुटबॉल खेळला जातो, पण मूल शाळेतून बाहेर पडलं की गल्लीत टेनिस बॉल वाट बघत असतोच.

दुर्लक्षाची तक्रार: दोन तारखा बघा

११ एप्रिल २०२२. रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल हेडरवर मारला राहुल भेकेने. भारतीय क्लब फुटबॉलच्या इतिहासातल्या मोठ्या रात्रींपैकी ही एक. पण सामना भारतीय वेळेनुसार रात्री उशिराचा. आणि त्या वर्षी आयपीएलच्या साखळीतले सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच होत होते. म्हणजे मुंबईतला प्रत्येक क्रीडा पत्रकार रोज संध्याकाळी वानखेडे, ब्रेबॉर्न किंवा डी. वाय. पाटीलला. रियाधला जाणार कोण?

दुसरी तारीख ६ नोव्हेंबर २०२३. सौदी अरेबियाचा अल हिलाल नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. आशियातला सर्वाधिक यशस्वी क्लब एका मुंबईच्या क्लबशी स्पर्धात्मक सामना खेळतोय, ही मोठी गोष्ट होती. पण ऑगस्टमध्ये गट जाहीर झाल्यापासून चर्चा एकाच नावाची होती, नेमार. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला, तो येणार नाही हे नक्की झालं आणि अर्धी हवा तिथेच निघाली. सामना मुंबईने ०-२ असा गमावला. त्याच दिवशी दिल्लीत क्रिकेट विश्वचषकात अँजेलो मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला, आणि दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा केल्या. या दोन बातम्यांच्या मध्ये सापडलेल्या फुटबॉल सामन्याला किती जागा मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

या दोन्ही वेळी कुणी मुंबई सिटीचं वाईट चिंतलं होतं असं दिसत नाही. छापील पानाची जागा ठरलेली असते, पान छपाईला जाण्याची वेळ ठरलेली असते आणि फुटबॉलसाठी वेगळा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. मग वृत्तसंस्थेचा मजकूर तसाच लावला जातो. चाहत्याला दहा ठिकाणी तेच वाक्य, तीच चूक दिसते आणि त्याला वाटतं सगळ्यांनी ठरवून केलंय. ठरवून काही केलेलं नसतं, एकाच ठिकाणाहून उचललेलं असतं.

यात क्लबच्या बाजूचीही एक अडचण आहे. मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान, मुंबई फुटबॉल अरेना, जेमतेम सात हजारांच्या आसपास प्रेक्षकांचं. वडाळ्याच्या माणसाला वडाळा रोडहून अंधेरीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, पुढे मेट्रोचं एक स्टेशन आझाद नगर, की मैदान आलं. तरी कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातचा सामना गाठणं सोपं नाही. वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा चाहत्यांचा गट नव्वद मिनिटं गाणी म्हणत उभा असतो, टीव्हीवर त्यांचा आवाज चांगला ऐकू येतो. पण सात हजार आणि साठ हजार यातला फरक जाहिरातदाराला कळतो, आणि त्याच्यामार्फत संपादकालाही.

‘पैशाचा क्लब’: इथे तक्रारीत दम आहे

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची, रणबीर कपूर सहमालक. सुरुवातीची वर्षं बातमीत खेळाडूंपेक्षा तोच जास्त. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या हंगामात एफसी गोवाला आकार देणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्या मागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मंदार राव देसाई असे गोव्याचे मोहरेही. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीतलं पहिलं स्थान आणि चषक दोन्ही जिंकलं. साखळीत मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे गुण सारखे होते, ४० आणि ४०. गोलफरकावर मुंबई पुढे गेली. अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले आणि बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला सामना संपवला.

तेव्हापासून ‘पैशाच्या जोरावर’ हे दोन शब्द क्लबला चिकटले. पैसा होता, हे खरंच. तयार खेळाडू उचलले, हेही खरं. पण आयएसएलमध्ये पगारांवर कमाल मर्यादा सगळ्या क्लबना सारखी होती, आणि ज्या संघाला हरवलं त्याच्यामागे आर. पी. संजीव गोएंका समूह उभा होता, तो काही वर्गणी काढून संघ चालवत नव्हता. एका क्लबच्या पैशाला ‘गुंतवणूक’ म्हणायचं आणि दुसऱ्याच्या पैशाला ‘विकत घेतलेलं यश’, हा फरक चाहत्यांना खुपतो आणि खुपणं रास्त आहे. वस्तुस्थिती एकच असते, विशेषण बदललेलं असतं. पक्षपात शोधायचाच असेल तर तो बहुतेकदा अशा विशेषणांत सापडतो.

फरक का पडतो? १८८९ चा क्लब आणि २०१४ चा क्लब यांच्याकडे बघताना लिहिणाऱ्याच्या मनात जुन्याबद्दल माया असते. त्याने लहानपणी वडिलांचा हात धरून तो सामना बघितलेला असतो. मुंबई सिटीकडे अजून अशी दुसरी पिढी नाही.

पण मोहन बागानचे चाहतेही हेच म्हणतात!

गंमत इथून सुरू होते. ज्यांचं सगळं छापून येतं असं मुंबईकरांना वाटतं, त्या मोहन बागानच्या चाहत्यांनी २०२० पासून क्लबच्या नावातलं ‘एटीके’ काढा म्हणून मोहीम चालवली, आणि आपल्या भावनेला माध्यमं व मालक किंमत देत नाहीत असं त्यांना वाटत राहिलं. २०२३ मध्ये नाव बदललं, तेव्हा ते शांत झाले.

केरळ ब्लास्टर्सचंही तेच. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो दिला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर काढला. महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड आणि वुकोमानोविच यांना १० सामन्यांची बंदी घातली. केरळच्या चाहत्यांच्या मते सगळी माध्यमं छेत्रीच्या प्रेमात, म्हणून बेंगळुरूच्या बाजूने. बेंगळुरूच्या चाहत्यांच्या मते केरळचा चाहतावर्ग मोठा, म्हणून माध्यमं त्यांना चुचकारतात. दोघं एकाच बातमीबद्दल बोलत होते.

मानसशास्त्र काय सांगतं?

या प्रकाराचा अभ्यास सत्तर वर्षांपूर्वी झालाय, तोही एका सामन्यावरच. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. सामना दांडगाईचा, एकाचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथवाल्यांना दिसलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते. १९५४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. मुद्दाम खोटं बोलणं आणि खरोखरच वेगळं दिसणं यातला फरक त्यातून समोर आला.

१९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी पुढचं पाऊल टाकलं. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गट म्हणाले, बातम्या आमच्या विरोधात आहेत. आणि ज्यांना विषयाची जास्त माहिती होती, त्यांना पक्षपात जास्त दिसला. जाणकार चाहताच जास्त चिडलेला का असतो, याचं उत्तर इथे आहे. त्याला प्रत्येक गाळलेली गोष्ट ठाऊक असते. सहाय्यक रेफ्रीने अडतिसाव्या मिनिटाला झेंडा चुकीचा उचलला हे त्याला आठवतं, आणि ते बातमीत नसलं की त्याला ते लपवल्यासारखं वाटतं. तटस्थ बातमी ही दोन्हीकडच्या कट्टर माणसाला अर्धीच वाटते.

म्हणजे सगळा मनाचा खेळ?

नाही. माध्यमांनी चाहत्यांवर धडधडीत अन्याय केल्याचं सर्वांत वाईट उदाहरण लिव्हरपूलचं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या चाहत्यांचा बळी गेला. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. चारच दिवसांनी ‘द सन’ने ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापलं की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं होतं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने ते अधिकृतपणे सिद्ध झालं. लिव्हरपूल शहरात त्या वर्तमानपत्रावरचा बहिष्कार आजही आहे, आणि २०१७ पासून क्लबने त्याच्या पत्रकारांना मैदानात येणंही बंद केलं. वडाळा-माटुंग्यात लिव्हरपूलचा टीशर्ट घालून फिरणाऱ्या अनेकांना ही गोष्ट तोंडपाठ असते.

अडचण अशी, की खऱ्या अन्यायाचं हे उदाहरण मग प्रत्येक छोट्या गोष्टीला लावलं जातं. समालोचकाने नाव चुकीचं उच्चारलं तरी ‘बघा, मीडिया’. सोशल मीडिया त्यात तेल ओततं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात स्टीव्ह राथ्ये आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फेसबुक-ट्विटरवरच्या २७ लाख राजकीय पोस्ट तपासल्या. विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक शब्द पोस्ट शेअर होण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढवत होता. फुटबॉलच्या पोस्टना हा आकडा जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण ‘छान खेळलो’पेक्षा ‘त्यांनी आपल्याला दाबलं’ जास्त पळतं, हे कुठल्याही फॅन पेजवर दिसतं.

पक्षपात खरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

एका बातमीवरून काहीच कळत नाही. एक महिना घ्या, एकच वर्तमानपत्र किंवा एकच वेबसाईट घ्या आणि मोजा. आपला क्लब जिंकल्यावर मथळ्यात कर्ता कोण आहे? आपण हरलो तेव्हा वापरलेलं क्रियापद आणि समोरचा हरला तेव्हाचं क्रियापद सारखं आहे का? खाली बातमीदाराचं नाव आहे की वृत्तसंस्थेचं? मथळा आणि आतला मजकूर जुळतो का? मथळा बहुतेकदा बातमीदार लिहीत नाही, डेस्कवरचा उपसंपादक लिहितो, त्यामुळे शिव्या चुकीच्या माणसाला पडतात. आणि हीच मोजणी प्रतिस्पर्धी क्लबसाठीही करा. हे शेवटचं काम चाहते सहसा टाळतात.

मोजल्यावर खरंच काही चुकीचं आढळलं तर आधी संपादकाला लेखी कळवायचं असतं. दैनिकाने दखल घेतली नाही, तर मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. वृत्तवाहिन्यांच्या तक्रारींसाठी एनबीडीएसए ही त्यांच्याच संघटनेने नेमलेली यंत्रणा आहे, तिथेही आधी वाहिनीला कळवावं लागतं. या दोन्ही ठिकाणी खोट्या, बदनामीकारक किंवा विपर्यस्त मजकुराविरुद्ध दाद मागता येते. मुंबई सिटीच्या विजयाला चार ओळी का आणि आयपीएलच्या सराव सत्राला अर्धं पान का, याची दाद मात्र तिथे लागत नाही. कोणत्या बातमीला किती जागा द्यायची, हा संपादकाचा अधिकार मानला जातो.